समीक्षकाने स्टुडिओचा पगार घ्यावा का? निमित्त: ख्वाजा अहमद अब्बास

तिसरी_घंटा (धागाकर्ती)

ख्वाजा अहमद अब्बास हे नाव काढलं की आपल्याकडे तीनच गोष्टी निघतात. अमिताभला पहिला चित्रपट दिला, राज कपूरसाठी 'आवारा' लिहिला, आणि 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचं शेवटचं पान वर्षानुवर्षं चालवलं. चौथी गोष्ट विचारली की गाडी अडते. हा माणूस मुळात मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकाचा चित्रपट समीक्षक होता आणि नाटककारही होता. धागा त्याबद्दल आहे आणि माझं मत जरा कडू आहे. आधीच सांगते, म्हणजे नंतर 'एवढ्या मोठ्या माणसाबद्दल असं कसं' म्हणायला कुणी येऊ नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ७ जून १९१४, पानिपत. शायर हालींच्या घराण्यातले. अलीगढला बीए, मग कायद्याची पदवी, आणि शिकता शिकताच 'अलीगढ ओपिनियन' नावाचं विद्यार्थ्यांचं साप्ताहिक. १९३५ मध्ये मुंबईत येऊन 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये लागले. फिरोजशहा मेहतांनी १९१३ साली काढलेलं, राष्ट्रीय बाण्याचं दैनिक. तिथे बातमीदारी, चित्रपट परीक्षणं, पुढे रविवारची आवृत्ती. १९३६ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी अर्धवेळ प्रसिद्धीचं काम धरलं. १९४१ मध्ये त्याच बॉम्बे टॉकीजने त्यांची पहिली कथा पडद्यावर आणली, 'नया संसार'. तीही एका वर्तमानपत्राची आणि बातमीदाराची. १९४३ मध्ये इप्टाच्या, म्हणजे डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेच्या, स्थापनेत पुढे, नाटकं लिहिली. १९४६ मध्ये 'धरती के लाल'चं दिग्दर्शन. मग स्वतःची संस्था, चित्रपट, सत्तरच्या वर पुस्तकं. १ जून १९८७ ला मुंबईत गेले.

आता माझं भांडण.

सकाळी समीक्षक आणि संध्याकाळी स्टुडिओचा प्रसिद्धी लेखक, हे एका माणसात बसत नाही. अब्बास यांनी बॉम्बे टॉकीजला झुकतं माप दिलं असा माझा आरोप नाही. प्रश्न वाचकाचा आहे. ज्या पंगतीत जेवायचं तिथल्याच आमटीला मीठ कमी आहे म्हणायला फार मोठा माणूस लागतो, आणि नियम मोठ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून करायचे नसतात. शांतारामबापूंचंच बघा. 'माणूस'च्या हिंदी रूपावर, म्हणजे 'आदमी'वर (१९३९) अब्बास लट्टू होते. १९४६ मध्ये त्याच शांतारामबापूंनी अब्बास यांच्या पुस्तकावरून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि पटकथेत पुन्हा अब्बास. दोन्ही गोष्टी निर्मळ मनाने झाल्या असतील, नव्हे झाल्याच असतील. तरी आज एखाद्या मराठी समीक्षकाने हे केलं तर आपण त्याला याच ठिकाणी सोलून काढू.

नाटकांचं म्हणाल तर 'यह अमृत है' मध्ये शास्त्रज्ञ अमरत्वाचं औषध शोधतो आणि त्यावर हक्क सांगायला समाजातले एकेक नमुने येतात. 'झुबेदा'त पडद्यातली मुलगी साथीच्या दिवसांत लोकांच्या मदतीला बाहेर पडते आणि त्यातच जाते. 'मैं कौन हूँ' फाळणीवर. विषय एकाहून एक. पण पात्रांनी तोंड उघडलं की अग्रलेख ऐकू येतो. माणूस मोठा होता तो स्तंभात. 'क्रॉनिकल'मधला 'लास्ट पेज' त्यांनी 'ब्लिट्झ'मध्ये नेला आणि मरेपर्यंत लिहिला. एवढं सातत्य भारतीय पत्रकारितेत फार कमी जणांचं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अब्बास यांनी समीक्षेचं टेबल सोडायला नको होतं. एक चांगला समीक्षक गेला आणि बदल्यात मध्यम नाटककार मिळाला. हाणा आता.

जुनी_रद्दी

ताई, धागा झकास, मत साफ चूक.

१९३६ ची मुंबई घ्या. चित्रपट बोलायला लागून जेमतेम पाच वर्षं झालेली. परीक्षण नावाचा प्रकारच तेव्हा जाहिरातीच्या शेजारी, जाहिरातीच्या भाषेत छापला जायचा. अशा वेळी कायदा शिकलेला, जग वाचलेला पोरगा येतो आणि चित्रपटाला कादंबरीच्या तोलामोलाने तपासतो, हीच नवलाई होती. त्याला आजचे हितसंबंधांचे नियम लावणं म्हणजे वडाची साल पिंपळाला.

आणि त्या काळातला एकटा अब्बासच असा होता का? बाबूराव पटेल घ्या. 'फिल्मइंडिया'त बसून भल्याभल्यांची सालपटं काढणारा माणूस. त्यांनी १९४४ मध्ये स्वतः 'द्रौपदी' काढला, मग 'ग्वालन'. मासिक चालूच होतं. अत्रे? 'नवयुग'चे संपादक, नाटककार, चित्रपट निर्माते आणि दुसऱ्यांच्या नाटकांवर तोंडसुख घेणारे टीकाकार, सगळं एकाच वेळी. 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं तेव्हा कुणी म्हटलं नाही की अत्रेसाहेब, आता लेखणी खाली ठेवा. दहा वर्षांनी तेच पदक अब्बास यांच्या 'शहर और सपना'ला. दोघेही वर्तमानपत्रवाले, हा योगायोग मला तरी वाटत नाही. त्याहून मागे जायचं तर खाडिलकर. 'केसरी'त अग्रलेख आणि रंगमंचावर 'कीचकवध'. इंग्रज सरकारने १९१० मध्ये नाटक बंद केलं, कारण त्यांना कीचकात कर्झन दिसला. अग्रलेखासारखं नाटक म्हणून आपण 'कीचकवध'ला नावं ठेवतो का?

मराठी माणसाने तरी वर्तमानपत्र आणि रंगमंच यांच्यामधल्या भिंतीबद्दल बोलू नये. आपल्याकडे ती कधी नव्हतीच.

तिसरी_घंटा

रद्दीसाहेब, तुम्ही तिन्ही नावं संपादकांची घेतलीत. संपादकाची मतं जगजाहीर असतात, वाचक पेपर घेतो तोच बाजू कळून. अत्रे कुणाच्या बाजूने आहेत हे शेंबड्या पोरालाही कळायचं. समीक्षकाचं तसं नाही. तो प्रेक्षकाच्या वतीने तिकीट काढून बसलेला असतो, निदान बसलेला असावा.

आणि बाबूरावांचा दाखला तर माझ्याच बाजूने जातो. 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' आज कोण बघतं? दुसऱ्याच्या चित्रपटातली खोट दिसते म्हणून स्वतःचा बिनखोट निघतो असं नाही.

अर्धा_कप

सगळं ठीक, पण 'बॉबी'चं काय करायचं? आयुष्यभर समाजवाद लिहिलेल्या माणसाने 'हम तुम एक कमरे में बंद हों'वाला चित्रपट लिहिला. :)

सोलापूरकर

धागाकर्तीने कोटणिसांचा उल्लेख शांतारामबापूंच्या ओघात केलाय, तो मला खटकला. त्या पुस्तकाशिवाय सोलापूरबाहेर कोटणीस कुणाला कळले असते?

१९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आमचे द्वारकानाथ कोटणीस. जपान्यांशी युद्ध चालू होतं. चौघे परत आले. कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयात काम केलं, तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. अब्बास यांनी १९४४ मध्ये पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ, 'आणि एक परतला नाही'. बघा, नावातच नाटक आहे. पाच गेले, चार आले, हिशेब शीर्षकातच मांडून ठेवला. बातमीदाराची नजर आणि नाटककाराची मांडणी एकत्र असल्याशिवाय असं शीर्षक सुचत नाही.

आज सोलापुरात कोटणिसांच्या जुन्या घरात स्मारक आहे. चिनी पाहुणे आले की तिथे जातात. आपले लोक किती जातात हा वेगळा धागा होईल.

चित्रपटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शांतारामबापू नट म्हणून पडदा इतका व्यापतात की डॉक्टर मागे पडतो. पुस्तकातला कोटणीस जास्त साधा आणि म्हणून जास्त मोठा वाटतो. मुद्दा असा की दोष अब्बास यांच्या लेखणीत शोधायचा की पडद्यावर गेल्यावर जे झालं त्यात, हे नीट ठरवा.

पिटातला

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं प्रकाशयोजना करतो, तेव्हा नाटकांबद्दलच बोलतो. चित्रपटांवर बोलायला इथे पुष्कळ आहेत.

'झुबेदा'चा एक प्रसंग बलराज साहनींनी आत्मकथेत सांगितलाय. १९४४ ची गोष्ट. लंडनहून बीबीसीची नोकरी सोडून नुकतेच परत आलेले साहनी, चेतन आनंद यांच्याबरोबर, इप्टाची बैठक बघायला म्हणून ऑपेरा हाउसजवळच्या प्रा. देवधरांच्या संगीत शाळेत गेले. हे तेच देवधर, कुमार गंधर्वांचे गुरू. थोडीशी माणसं जमलेली. अब्बास आपलं नवं नाटक वाचत होते. वाचन संपलं आणि अब्बास यांनी जाहीर करून टाकलं की हे नाटक बलराज साहनी बसवतील. साहनींना आधी पत्ताही नव्हता!

हा प्रसंग गमतीचा म्हणून नाही सांगत. त्या खोलीचा विचार करा. गाण्याच्या शाळेतली बैठक, नेपथ्याला पैसे नाहीत, नट कोण असतील ठाऊक नाही, पुढचा प्रयोग कुठे होईल ठाऊक नाही. अशा संस्थेसाठी लिहिणारा माणूस संवादात बारकावे कोरत बसत नाही. तो असं लिहितो की शेवटच्या रांगेतल्याला, ध्वनिक्षेपक असो वा नसो, कोण कुणाच्या विरुद्ध उभा आहे ते कळलं पाहिजे. वाक्य ठाशीव लागतं. तीच गोष्ट दोनदा सांगावी लागते, कारण पहिल्यांदा सांगताना मागे कुणीतरी खोकलेलं असतं. मी वीस माणसांच्या खोलीत आणि उघड्या पटांगणात दोन्हीकडे दिवे लावलेत. खोलीत जो संवाद भाषण वाटतो तोच पटांगणात जेमतेम पोचतो.

छापील संहिता मांडीवर घेऊन 'अग्रलेख ऐकू येतो' म्हणणं सोपं आहे. पडद्यातली मुस्लिम मुलगी बुरखा टाकून साथीत सेवेला उतरते, हे मुस्लिम मध्यमवर्गातल्याच लेखकाने १९४४ मध्ये रंगमंचावर आणलं. तेव्हा प्रेक्षागृहात काय वाटलं असेल ते संहितेत सापडणार नाही.

तिसरी_घंटा

पिटातले, प्रयोगाचा मुद्दा मान्य. पण मग एक तुलना करते, तिचं उत्तर द्या.

तीच मुंबई, तीच वर्षं, तीच चळवळ. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. अण्णा भाऊही इप्टाशी जोडलेले. त्यांच्या वगातला शेतकरी, गिरणी कामगार बोलतो तेव्हा लेखक मागे दिसत नाही. पटांगण तेच, ध्वनिक्षेपकाची बोंब तीच, आणि तरी पात्र जिवंत. कारण अण्णा भाऊंनी ती माणसं जवळून बघितली होती, त्यांच्यातच राहिले होते. अब्बास यांची गरिबी वार्तांकन करून आणलेली आहे. म्हणजे परत माझाच मुद्दा. ते उत्तम वार्ताहर होते, नाटककार नव्हेत.

पिटातला

उत्तर देतो. तमाशाची चौकट अण्णा भाऊंच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या तयार होती. गण, गवळण, बतावणी, सोंगाड्या. त्यात नवा आशय ओतला, हे त्यांचं मोठेपण, शंभर टक्के. अब्बास यांच्या हाताखाली काय होतं? मुंबईतल्या हिंदुस्तानी बोलणाऱ्या शहरी माणसासाठी पारशी कंपन्यांचा भडक वारसा, बस्स. अब्बास आणि त्यांचे सोबती नवा पाया घालत होते. पायाच्या दगडांना कुणी नक्षीकाम विचारत नाही.

शिवाय नाटक नुसतं लेखकाचं नसतं. त्याच 'झुबेदा'तून दिग्दर्शक बलराज साहनी उभे राहिले. 'धरती के लाल'मध्ये शंभू मित्र, तृप्ती मित्र, जोहरा सहगल, संगीताला तरुण रविशंकर. बिजन भट्टाचार्यांची बंगाली नाटकं आणि कृश्न चंदर यांची कथा जुळवून बंगालच्या दुष्काळावर चित्रपट उभा करायचा, तोही १९४६ मध्ये. हे काम टेबलावर बसलेल्या समीक्षकाचं होतं का?

वकीलवाडा

धागाकर्तीने खटल्याचा उल्लेखच केला नाही, त्यामुळे मी करतो. अब्बास यांच्यावरच्या कुठल्याही चर्चेत मला तरी तोच सगळ्यात रंगतदार भाग वाटतो.

१९६८ मध्ये त्यांनी 'चार शहर एक कहानी' हा छोटा माहितीपट केला. कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली. एकीकडे झगमगाट, दुसरीकडे तो उभा करणाऱ्यांची दैना. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. सेन्सॉरने आधी फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र देऊ केलं, मग म्हणाले दृश्यं कापा तर सर्वांसाठीचं देतो. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीच्या दरम्यान सरकारने सांगितलं की आम्ही काटछाट न करता सर्वांसाठीचं प्रमाणपत्र देतो. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बास यांनी अर्ज दुरुस्त करून घेतला आणि थेट मूळावर हात घातला. वर्तमानपत्राला पूर्वपरवानगी लागत नाही, पुस्तकाला लागत नाही, मग चित्रपटालाच का?

निकाल १९७० चा, सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचा. आणि अब्बास हरले. पूर्वपरिनिरीक्षण वैध ठरलं. कारण काय दिलं, तर चित्रपट इतर कलांपेक्षा माणसाच्या भावना जास्त खोलवर हलवतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक चालते.

मला यातला पेच फार आवडतो. ऑक्टोबर १९३९ मध्ये याच अब्बास यांनी 'फिल्मइंडिया'त गांधीजींना अनावृत पत्र लिहिलं होतं. गांधीजींनी सिनेमाला जुगार, सट्टा, शर्यतींच्या रांगेत बसवलं होतं, म्हणून. पत्राचा सूर असा की बापू, हे खेळणं दिसतं तेवढं निरुपयोगी नाही, जरा सहनशीलतेने बघा. समीक्षक म्हणून आयुष्यभर एकच गोष्ट ओरडून सांगितली, चित्रपटात ताकद आहे, त्याला गांभीर्याने घ्या. न्यायालयाने घेतलं. इतकं घेतलं की त्याच ताकदीच्या नावाखाली कात्री कायम केली.

आता माझं मत. मला वाटतं त्यांनी तो खटला पुढे न्यायला नको होता. जिंकलेली बाजी हरले आणि पुढच्या प्रत्येक निर्मात्याच्या तोंडावर मारायला सरकारच्या हाती एक निवाडा दिला. आजही सेन्सॉरच्या कुठल्याही वादात सरकारी वकील पहिलं नाव घेतो ते याच निकालाचं. हात दाखवून अवलक्षण.

जुनी_रद्दी

वकीलसाहेब, अर्धाच निकाल सांगितलात. त्याच सुनावणीत सरकारला कबूल करावं लागलं की प्रमाणपत्र देण्याला कालमर्यादा हवी आणि अपील सरकारी खात्याकडे नको, स्वतंत्र लवादाकडे हवं. पुढे १९८३ मध्ये तो लवाद आला, आणि कितीतरी चित्रपट त्याने सोडवले. २०२१ मध्ये सरकारने तो बंद करून टाकला, त्याला अब्बास काय करणार?

आणि स्वतःपुरतं प्रमाणपत्र घेऊन घरी न जाणं, हाच तर त्या माणसाचा पीळ. नाटकवाल्यांनी तर याबद्दल बोलूच नये. महाराष्ट्रात अजूनही नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले म्हणून नाटक वाचलं. तिथे कुणी म्हटलं नाही की गप बसायला हवं होतं.

वकीलवाडा

सारंग जिंकले होते हो. फरक तिथेच आहे.

मांडवी_काठ

गोव्याचा विषय कुणी काढलाच नाही, सगळ्यांना 'सात हिंदुस्तानी' (१९६९) फक्त अमिताभसाठी हवा असतो. पाच हजार रुपये मानधन, अब्बास यांनी वडिलांची, म्हणजे हरिवंशराय बच्चन यांची, परवानगी मागवली, हे किस्से ऐकून कान किटले.

चित्रपटाकडे नाटककाराचं काम म्हणून बघा. सात सत्याग्रही गोव्यात तिरंगा फडकवतात. अब्बास यांनी पात्रांचे प्रांत आणि नटांचे प्रांत मुद्दाम उलटेपालटे केले. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाला, मल्याळी मधू बंगाली झाला, आणि जलाल आगा आपला मराठी शिंदे! हा खेळ मला अस्सल रंगमंचावरचा वाटतो. नट प्रांत बदलू शकतो तर प्रांत म्हणजे तरी काय, असा प्रश्न एकही भाषण न करता विचारला गेला. धागाकर्ती म्हणते तशी भाषणं त्या चित्रपटात आहेतच, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भाषणाशिवाय सांगितली आहे.

गोंयकार म्हणून माझी नाराजी दुसरी. गोव्याची सुटका बाहेरून आलेल्या सहांनी केली असा ठसा राहतो. सातवी मारिया गोव्याची आहे, पण एकटी. आतले लोक, तुरुंगात आणि आग्वादच्या किल्ल्यात वर्षं काढलेले, पडद्यावर फारसे दिसत नाहीत. १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह आणि पोर्तुगिजांचा गोळीबार ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो त्यांना हे टोचतं. दिल्ली-मुंबईच्या पत्रकाराने बघितलेला गोवा आहे तो. तेवढ्यापुरती मी तिसरी_घंटाच्या बाजूने.

शुक्रवारची_शिक्षा

मी एका दैनिकात चित्रपट परीक्षणं लिहिते. नाव सांगत नाही, नोकरी आहे.

धागाकर्तीला आदर्श समीक्षक हवा आहे, प्रेक्षकाच्या वतीने तिकीट काढणारा. आजचं सांगू? गुरुवारी रात्री निर्मात्याच्या माणसाने ठेवलेल्या खेळाला जायचं. मध्यंतरात समोसा त्यांचा. बाहेर पडताना दाराशी दिग्दर्शक उभा, 'कसा वाटला?' तीनशे शब्द रात्रीतच पाठवायचे. आणि सकाळी पेपर उघडला तर मी दिलेल्या दोन ताऱ्यांचे तीन झालेले, कारण त्याच पानावर अर्धं पान जाहिरात. कुणी फोनही करत नाही. विचारलं तर उत्तर येतं, 'जागेचा प्रश्न होता.' ताऱ्याला किती जागा लागते!

मी कुठल्याही स्टुडिओचा पगार घेत नाही. कागदावर माझे हात अब्बास यांच्याहून स्वच्छ आहेत. पण त्यांच्या काळातल्या वाचकाला ते काय लिहितात, कुठल्या विचाराचे आहेत, कुणाबरोबर नाटक करतात, हे सगळं माहीत करून घेता येत होतं. 'नया संसार'च्या श्रेयनामावलीत नाव होतंच की. उघड असलेल्या नात्याचा हिशेब वाचक करू शकतो. माझ्या तिसऱ्या ताऱ्याचा हिशेब कोण करणार?

तेव्हा ताई, तुमचा नियम चांगला आहे, पण तो चुकीच्या माणसावर लावताय. पगार घेणाऱ्यापेक्षा जाहिरात घेणाऱ्याकडे बघा.

अर्धा_कप

+१. आणि माझ्या 'बॉबी'ला अजून कुणी हात लावलेला नाही.

तिसरी_घंटा

शुक्रवारची_शिक्षा, प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. पण तुमच्यावर होणारा अन्याय हा माझ्या नियमाच्या बाजूचा पुरावा आहे. पैसा परीक्षणाच्या जवळ आला की काय होतं ते तुम्हीच दाखवलंत. १९३६ मध्ये तो पगार म्हणून आला, आज जाहिरात म्हणून. अब्बास सच्चे होते म्हणून निभावलं. त्यांच्यानंतर त्याच वाटेने गेलेले सगळे तसे नव्हते.

मांडवी_काठ, नटांचे प्रांत उलटे करण्याचा मुद्दा मी कधी असा बघितला नव्हता. पुन्हा बघेन. चित्रपट सुधारला असं वाटेल की नाही, माहीत नाही.

अर्धा_कप, तुमची 'बॉबी' मी घेते. 'मेरा नाम जोकर' (१९७०) आपटला, राज कपूर कर्जात होते, १९७३ मध्ये 'बॉबी' आली आणि सगळं फिटलं. कथा अब्बास यांची, पटकथेला व्ही. पी. साठे सोबतीला. 'आवारा', 'श्री ४२०'पासून ही जोडी. अब्बास यांचं गणित साधं होतं, आरकेसाठी, म्हणजे राज कपूरच्या कंपनीसाठी, लिहायचं आणि त्या पैशातून स्वतःचे न चालणारे चित्रपट काढायचे. 'शहर और सपना'तलं जोडपं मुंबईत सांडपाण्याच्या नळात संसार थाटतं. असा चित्रपट काढायला पैसे कोण देणार होतं? मला यात दांभिकपणा दिसत नाही. फक्त एवढंच दिसतं की ज्या प्रकारच्या चित्रपटाला 'क्रॉनिकल'मधल्या तरुण अब्बासने फाडून खाल्लं असतं, तो साठीच्या अब्बासने लिहिला, आणि त्याच्यावर लिहायला तो तरुण समीक्षक जागेवर नव्हता.

जुनी_रद्दी

वा, हे वाक्य चांगलं लिहिलंत, म्हणून त्यालाच धरतो.

तरुण समीक्षक कुठे गेला विचारता? 'आवारा'ची गोष्ट आठवा. कथा आधी मेहबूब खानकडे गेली होती. मेहबूबना त्यात अशोक कुमार आणि दिलीप कुमार हवे होते. अब्बास अडून बसले की बापलेकाच्या भूमिकेत खरेच बापलेक पाहिजेत, पृथ्वीराज आणि राज. मेहबूब ऐकेनात, तर कथा परत घेतली. १९५१ च्या आसपास मेहबूब खानला नाही म्हणणारा लेखक दाखवा मला. बाप न्यायाधीश, मुलगा आरोपी, आणि गुन्हेगार रक्तातून होतो की परिस्थितीतून, हा सवाल. तो खऱ्या बापलेकांमध्ये ठेवला की संवाद न बोलताच अर्धं काम होतं. अजून एक गंमत, त्या चित्रपटात न्यायासनावर बसलेले एक वृद्ध न्यायाधीश म्हणजे राज कपूरचे खरेखुरे आजोबा, दिवाण बशेश्वरनाथ. तीन पिढ्या एका कोर्टात.

समीक्षक काम करतो ते हेच. चित्रपट बनल्यावर 'भूमिकावाटप चुकलं' असं लिहिण्यापेक्षा बनण्याआधी अडून बसणं मला जास्त मोलाचं वाटतं. तुम्ही म्हणता टेबल सोडायला नको होतं. त्यांनी टेबल सोडलंच नाही, ते उचलून स्टुडिओत नेलं.

तिसरी_घंटा

स्टुडिओत नेलेल्या टेबलाचं भाडं स्टुडिओ ठरवतो, रद्दीसाहेब. 'आवारा'च्या वेळी अब्बास यांनी मेहबूबना नाही म्हटलं. 'बॉबी'च्या वेळी राज कपूरना कशाकशाला हो म्हटलं, तेही सांगा.

जुनी_रद्दी

सांगतो, पण त्यासाठी 'बॉबी' पुन्हा बघावा लागेल. रविवारपर्यंत मुदत द्या. तोवर तुम्ही 'झुबेदा' मोठ्याने वाचा. मनात नको, उभं राहून, पिटातल्यांनी सांगितलंय तसं शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. मग अग्रलेख ऐकू येतो का ते इथेच लिहा.